माळ्यावरचा तपकिरी जोड

ती. ताईस,

तुझ्या भरधावचा साष्टांग नमस्कार. (उजवा घोटा जायबंदी असल्यामुळे त्यातलं एक अंग सध्या रजेवर आहे, तेव्हा सातांवर भागवून घे.) तुझी तब्येत कशी आहे? भावजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्या आधी उठून बसतो? खालच्या मजल्यावरचा रेडिओ बिघडला का एकदाचा? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे ही ठीक आहे आणि मी हिच्या जिवावर ठीक आहे. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले, त्याबद्दल तू मनातल्या मनात जे बोलली असशील ते सगळं मला पोचलं. पण आधी माझे हात गुंतले होते आणि नंतर पाय. क्रमाने सांगतो. मध्येच शेवटचं पान उघडून बघू नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

तुझं पत्र चार पानी होतं. चारही पानं खोकला आणि रेडिओ. मग जागा संपल्यावर समासात, आडव्या कागदावर उभ्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात: पाय पुन्हा मुरगळला, या वर्षात तिसऱ्यांदा, म्हणून जिना उतरणंच बंद केलंय, भाजी टोपलीला दोरी बांधून वर ओढून घेते, छान जमतं. ताई, खरं काय ते तू नेहमी समासातच लिहितेस. मी ते दुकानात वाचलं आणि हातातली रापी खाली ठेवली. (रापी म्हणजे चामडं कापायची सुरी. तू एकदा तिने साबणाची वडी कापली होतीस आणि वर मलाच विचारलं होतंस की ही बोथट कशी झाली.) तीस वर्षं मी गावभरच्या लोकांच्या पायात बूट घालतोय आणि माझी सख्खी बहीण तिसऱ्या मजल्यावर टोपली सोडत बसलीय! लहानपणी शाळेच्या वाटेवर मी पुढे पळायचो आणि तू मागून 'अरे भरधाव, थांब' म्हणून ओरडायचीस. तेव्हाही तुझा पाय मुरगळायचा आणि तू म्हणायचीस, रस्ताच वाकडा आहे. मी थांबलो असेन असं मला एकदाही आठवत नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून डोळ्यात चामड्याचा भुसा गेला असं सांगितलं.

तर त्याच दिवशी ठरवलं की दुबळा घोटा धरून ठेवील असा बूट तयार करायचा आणि तुला पाठवायचा. माप मागवलं नाही, कारण तू 'कशाला उगीच' असं लिहून मोकळी झाली असतीस. पन्नास वर्षं तू याच दोन शब्दांवर सगळं नाकारत आलीयस. मग मला आठवलं की सहा वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा जाताना काहीतरी इथे विसरून गेली होतीस. माळ्यावर चढलो, आणि एका कापडी पिशवीत बायकी मापाचा तपकिरी जोड सापडला. झिजलेला, पण पॉलिश करून, कागद कोंबून ठेवलेला. माझ्या घरात बूट घालणाऱ्या बायका दोनच, एक तू आणि एक ही. हिचे बूट तर माझ्याच दुकानातले, ते मी ओळखणार नाही असं कसं होईल? तेव्हा जोड तुझाच.

माझे उस्ताद सांगायचे, गिऱ्हाइकाला काही विचारू नका, त्याचा जुना बूट उलटा करून बघा. मी उलटा केला आणि तासभर बघत बसलो. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेने झिजलेल्या, डावी जास्त. म्हणजे पाऊल बाहेर कलतं, आणि ओझं नेहमी डाव्या हातात. टाचेमागची वाटी बाहेर दबलेली. आणि बोटांकडचं टोक घासून पांढरं पडलेलं, ते कशाने हे काही केल्या कळेना. असं टोक घासतं ते कुणाच्यातरी मागून सतत घाईघाईने चालणाऱ्या माणसाचं. भावजी तर असे चालतात की त्यांच्या मागून गोगलगायसुद्धा 'जरा सरकता का' म्हणेल. मग तू कुणामागे धावत होतीस बाई? आणि ज्याने तो जोड शिवला त्याला तर मी भर दुकानात शिव्या घातल्या. सहा टाके सरळ, मग एक सुटलेला, टाचेची वाटी चक्क पुठ्ठ्याची! कुठेतरी जायची घाई असलेल्या गाढवाचं काम. दुबळ्या घोट्याच्या बाईला असला बूट देणाऱ्याच्या हातात चामडं टोचायची आरी देऊ नये, असं मी शेजारच्या घड्याळजीला तीनदा सांगितलं.

मग प्रयोग सुरू झाले. पहिले सगळे माझ्याच मापाचे केले, कारण पडायचंच असेल तर मी पडावं. पहिल्या बुटाला घोट्याच्या वर वीतभर उंच, दुहेरी चामड्याचा पट्टा केला. पाय मुरगळायची बिशाद नव्हती. वाकायचीही नव्हती. मी कंपासपेटीतल्या कर्कटकासारखा दुकानभर फिरलो, खुर्चीत बसता येईना म्हणून गिऱ्हाइकांशी उभ्यानेच बोललो, आणि दुकानाच्या तीन पायऱ्या उलटा चालत उतरलो. दुसऱ्या बुटात घड्याळजीकडून जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग आणून दोन्ही बाजूंना बसवली. आधार उत्तम, पण पाऊल टाकलं की टणण् वाजायचं. ते घालून मी वाचनालयात गेलो (चाचणी शांत जागी घ्यावी असं वाटलं, हे माझं चुकलंच) आणि चौथ्या टणत्काराला ग्रंथपालबाईंनी मला हाताला धरून दारापर्यंत सोडलं. घड्याळजीने बूट कानाला लावला, डोळे मिटले, आणि म्हणाला, रोज चार मिनिटं मागे पडेल.

तिसऱ्या बुटाचा तळवा दोन्ही अंगांना बोटभर रुंद केला, होडीसारखा, म्हणजे कलायला जागाच नको. कल्पना चांगली होती. फक्त मी माझ्या नेहमीच्या चालीने निघालो, डाव्या बुटाने उजव्याच्या त्या रुंद कडेवर पाय दिला, आणि मी फर्म्यांच्या फळीवर जाऊन आदळलो. फर्मे म्हणजे ज्यांच्यावर बूट चढवतो ते लाकडी पाय. असे एकोणीस जोड एकामागून एक अंगावर आले. एवढ्या लोकांनी मला एकदम कधी लाथा घातल्या नव्हत्या. उजवा घोटा पपईएवढा झाला. डॉक्टरांनी दाबून बघितला, धंदा काय विचारला, मी सांगितला, मग त्यांनी माझ्या पायातल्या होडीकडे बघितलं आणि सभ्यपणे विषय बदलला. पंधरा दिवस पाय उशीवर ठेवून आडवं पडायचं आणि नंतर रोज संध्याकाळी हळू, कुणाच्यातरी सोबतीने चालायचं, एवढंच सांगितलं.

आता ताई, इथपर्यंत हसून झालं असेल तर थोडं थांब. ही गादी टाकून देते ती खाली, जमिनीवर. तिथे पडलं की माणसाला जग गुडघ्यापर्यंतच दिसतं. तीन दिवस मला हिचे पाय दिसत होते, दुसरं काही बघायलाच नव्हतं. पाणी आणताना, केर काढताना, माझ्यासाठी चहा आणताना. आणि तिसऱ्या दिवशी मला दिसलं की डावं पाऊल दर वेळी बाहेर कलतं. कललं की हात भिंतीला जातो. भिंतीवरून कपाटाच्या कडीला, कडीवरून टेबलाच्या कोपऱ्याला. आमच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळका पट्टा आहे. दर वेळी रंग काढला की पुन्हा उमटतो आणि दर वेळी मी रंगाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. तो पट्टा हिच्या हाताचा आहे ताई. आणि दुकानातून तयार जोडांची पिशवी गिऱ्हाइकांकडे पोचवते ती डाव्या हातात. आणि बाहेर जाताना हिच्यापुढे दहा पावलं भरधाव कोण चालतं, ते तुला सांगायला नको.

मी तपकिरी जोड आणायला सांगितला आणि विचारलं, हा कुणाचा? तिने माझ्याकडे, ताप तर नाही ना, असं बघितलं. म्हणाली, "माझा. आणखी कुणाचा असणार? तुम्हीच शिवलात की, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी." मी म्हटलं, मग ताई काय विसरली होती? म्हणाली, "छत्री." मी विचारलं, इतका वाईट जोड जपून कशाला ठेवलास? तर म्हणाली, "घाईत शिवलाय, नंतर चांगला करून देतो म्हणाला होतात. पण माझ्यासाठी म्हणून तेवढाच झाला. पुढे गिऱ्हाइकांनी नाकारलेले जोडच पुरले मला." हे अगदी साधेपणाने, तक्रार नाही काही नाही, आणि दूध उतू जाईल म्हणून आत निघून गेली. सव्वीस वर्षं, ताई. हजारो अनोळखी माणसांचे तळवे मी वाचले. हिचा एकदाही उलटा करून बघितला नाही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चौथा जोड मी गादीवर बसून शिवला, आणि तो जमला. वरचं चामडं घोट्याच्या वरपर्यंत पण मऊ, आत गादी, टाचेची वाटी खोल आणि घट्ट, दोन्ही बाजूंना चामड्याच्या अरुंद पट्ट्या, ज्या पाय पुढे वाकू देतात पण बाजूला कलू देत नाहीत. टाच बाहेरून फक्त थोडी, अंगठ्याच्या नखाएवढी रुंद. एकही टाका सुटलेला नाही, मी दोनदा मोजले. माप अर्थात तपकिरी जोडाचं, म्हणजे हिचं. मी समोर ठेवला तर हात पुसून, उचलून, आतून बाहेरून बघितला आणि म्हणाली, छान झालाय, वन्संना पाठवून द्या, त्यांच्यासाठी आरंभलेलं काम आहे. मला याची सवय आहे, असंही म्हणाली. मी रागावलो, विनवलं, गप्प बसलो, तिन्ही उपाय करून झाले. जोड खोक्यात, फळीवर, जसाच्या तसा पडून आहे. खोकं तेवढी ती रोज पुसते.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार सांग आणि खोकल्याला माझ्याकडून निरोप दे. तुझा जिना मी विसरलेलो नाही.

तुझा लाडका आणि तूर्तास लंगडा,
भरधाव

ता. क. : हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो, कारण समासात जागा नाही. तू हिला एक पत्र पाठव आणि त्यात तो जोड नाकार. चांगला दणदणीत नाकार. रंग वांग्यासारखा आहे म्हण, घट्ट होईल म्हण, भावाला अक्कल नाही म्हण, हे तुला जड जाऊ नये. तू नको म्हटलंस की तरी ही घालेल. मागच्या आठवड्यात पायरीवर तिचा पाय कलला आणि मी काठीसकट पुढे झेपावलो. ती सावरली. आणि स्वतःचं पाऊल कागदावर ठेवून, पेन्सिलीने गिरवून पाठव, सोबत तुझा खराखुरा झिजलेला बूट. 'कशाला उगीच' लिहिलंस तर मी तिसरा मजला चढून येईन.

आणखी एक : माझा घोटा आठ दिवसांपूर्वीच बरा झाला, तेव्हा वरचा नमस्कार पूर्ण आठ अंगांचा समजावा. पण हिला कळवू नकोस. मी लंगडतो म्हणून आम्ही संध्याकाळी शेजारी शेजारी चालतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची मांजर हिला ओळखते, हे मला आत्ता कळलं. पाकिटावर पत्ता हीच लिहील (माझं अक्षर टपाल खात्याने तीनदा परत पाठवलंय), पण दुसऱ्याचं पत्र ती कधी वाचत नाही.

(खालचा मजकूर वेगळ्या अक्षरात)

वन्संना नमस्कार. दुसऱ्याचं पत्र मी खरंच वाचत नाही, पण यांना मी दुसऱ्यात धरत नाही. यांची काठी सोमवारी उजव्या हातात असते आणि मंगळवारी डाव्या, आणि मांजर आडवी आली की काखेत. तरी मी काही बोलले नाही. वन्सं, तो जोड नाकारू नका. नाकारलेले मी पुष्कळ घातलेत. हा माझ्याच तळव्यावरून बेतलाय, माझाच आहे. हे दुकानात गेले की मी तो घालते आणि यायच्या आत तळवे पुसून खोक्यात ठेवते. पाय अगदी सरळ पडतो, भिंत लागत नाही. तुमच्या पावलाचा कागद आणि बूट माझ्या नावाने आजच पाठवा, तुमचा जोड मी यांच्याकडून सगळ्यात आधी करून घेते. मग टोपली ठेवा आणि खाली उतरा. पण यांच्या पत्राला उत्तर तेवढं महिनाभर देऊ नका. जोड उघडपणे माझ्या पायात आला की हे पुन्हा दहा पावलं पुढे. उत्तर येईपर्यंत हे माझ्याशेजारून हळू चालतायत.