अकरा गैरहजर

खामगाव, २५ नोव्हेंबर १९६३

ती. सौ. अक्का हीस,
शालिग्रामचा सा. न. वि. वि.

भाऊजींबरोबर पाठवलेली शेंगदाण्याची चटणी पोचली. अर्धी सईदने संपवली. हा आमचा गोलकीपर आणि कप्तान. एखादा चेंडू सोडेल, पण चटणी सोडणार नाही.

आता खरी गोष्ट. तुला माहीतच आहे, आम्ही अकरा जण शेठच्या कापसाच्या जिनमध्ये नावाला कामगार. खरी नोकरी फुटबॉलची. जिल्ह्यातल्या तीन जिनच्या शेठलोकांनी मिळून करार केला आहे. कोणत्याही खेळाडूला महिना पन्नासांवर द्यायचं नाही आणि एका जिनचा खेळाडू दुसऱ्याने घ्यायचा नाही. सईदला मलकापूरवाले ऐंशी देत होते, ते गेले. त्याने शेठला तोंडावर विचारलं की काऊन शेठ, आम्ही का दावणीचे बैल आहो? शेठ हसून म्हणाले की बैल बरे, ते विचारत तरी नाहीत.

पण करारात धाक म्हणून एक कलम आहे. रविवारच्या हजेरीला जो गैरहजर, त्याचं नाव कटलं. सईद म्हणे की हेच आपलं सुटायचं दार आहे. नाव कटलं की तो करार आपल्याला लागू नाही, आपण मोकळे; आपली टीम काढू, वाटेल तिथे खेळू. म्हणून काल दुपारी आम्ही कोणी मैदानावर गेलोच नाही. केसरबाईच्या खानावळीत बसून राहिलो.

आणि अक्का, हजेरीबाबू उत्तमरावांनी मैदानात उभं राहून नावं पुकारली, तर एकूण एक नावाला 'हजर' असं उत्तर आलं. कापसाच्या गाड्या घेऊन आलेल्या लोकांनी ते ऐकलं. आता आम्ही एकमेकांकडे चोरासारखे बघतो आहोत.

भाऊजींना नमस्कार. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
शालिग्राम


उंद्री, २८ नोव्हेंबर १९६३

चि. शालिग्राम यास अन्नपूर्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणतात की चामड्याला लाथा मारायचे पन्नास रुपये मिळतात आणि वर रुसवा, असं सासर आम्हाला का नाही मिळालं! त्यांचं मनावर घेऊ नकोस. तुरीला कीड लागल्यापासून ते सगळ्यांनाच टोचून बोलतात.

मला विचारशील तर तुमच्यातच कोणीतरी फितूर आहे. कुंपणाआड लपून आवाज बदलून ओरडायला काय लागतं? लहानपणी तूच मास्तरांचा आवाज काढून वर्ग सोडायचास. तर एक कर. येत्या रविवारी सगळे कुंपणाबाहेर, चारचौघांच्या डोळ्यांसमोर एका रांगेत उभे राहा आणि तोंडात पाणी धरा. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. मग बोलेल तो लगेच कळेल.

गुडघ्याला तीळतेल चोळतोस ना? जेवण वेळेवर कर आणि बहिणीच्या जिवाला घोर लावू नकोस.

तुझी
अक्का


खामगाव, २ डिसेंबर १९६३

ती. सौ. अक्का हीस,
शालिग्रामचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. गाल फुगवून अकरा जण रांगेत उभे राहिलो तेव्हा बघायला जत्रा लोटली. पोरंटोरं ओरडत होती की पहा बे, वानरं आली. सईदचे डोळे पाण्याने भरले होते, हसू दाबून.

उत्तमरावांनी पहिलं नाव पुकारलं. मैदानाच्या मधोमध, जिथे चेंडू ठेवून खेळ सुरू करतात तिथून, उत्तर आलं. तिथे कोणी नव्हतं. नुसती वाळलेली हरळी आणि ऊन. दुसरं नाव, दुसरा आवाज. लोकांचं हसणं थांबलं. एक म्हातारा गाडीवान बैल न जुंपताच निघून गेला.

मग माझं नाव आलं. अक्का, तो माझाच आवाज होता. आईला 'आलो' म्हणायचो ना, तसा थोडा कंटाळलेला. माझ्या तोंडात पाणी तसंच होतं.

उत्तमरावांनी मान वर न करता सगळ्यांपुढे हजर लिहिलं. शेठ म्हणाले की संप कसला, पोरं तर वेळेवर येतात. आता आमच्यात संशय उरलेला नाही, एवढंच बरं झालं. रात्री सगळे एकाच खोलीत झोपतो. पुढच्या रविवारी काय करावं ते कळत नाही. तू काही सुचव.

भाच्यांना पापे. तुझा हात डोक्यावर राहू दे.

शालिग्राम


उंद्री, ५ डिसेंबर १९६३

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

पत्र वाचून हातातलं पीठ तसंच राहिलं. भाऊजींनी या वेळी पत्र दोनदा वाचायला लावलं. सासूबाई म्हणाल्या की पोराले घरी बोलाव. पण तू निम्म्यात पाय मागे घेणारा नाहीस, हे मला ठाऊक आहे. घेतलास तर पाय चालेनासे होईपर्यंत शेठच्या पन्नासांवर राहशील.

मी रात्रभर विचार केला. तुम्ही गप्प राहता, म्हणून ते बोलतं. रिकामी जागा कोणीही धरतो. तेव्हा गप्प राहू नका. नाव निघाल्याबरोबर, त्या आवाजाच्या आधी, ज्याने त्याने आपल्या तोंडाने खणखणीत म्हणा, गैरहजर. उत्तमरावांना ते लिहावंच लागेल.

झालं की लगेच कळव आणि मोकळा होऊन घरी ये. पुरण घालीन.

तुझी
अक्का


खामगाव, १२ डिसेंबर १९६३

ती. सौ. अक्का हीस,
सा. न. वि. वि.

आम्ही जिंकलो. अकरा वेळा गैरहजर म्हटलं, मैदानातून हूं की चूं आलं नाही. उत्तमरावांनी लिहिलं, शेठने सही केली, नावं कटली.

पण अक्का, त्या दिवसापासून आम्ही कोणाला दिसत नाही. खानावळीत बसलो तर केसरबाईने समोरून ताटं उचलली. पोरं आज आली नाहीत, असं ती पाणक्याला म्हणाली. सईद मलकापूरला ऐंशीचा करार करायला गेला. तिथला मॅनेजर त्याच्या डोक्यावरून बघत शिपायाला विचारत होता की तो गोलकीपर येणार होता, त्याचं काय झालं. सईद टेबलावर हात आपटत होता. आम्ही ओरडतो, कोणी मान वळवत नाही. पेटीत टाकलेलं पत्र मात्र जातं.

नावं कटली तरी उत्तमराव रविवारी पुकारणारच आहेत, असं त्यांच्या तोंडून ऐकलं. म्हणजे 'हजर' म्हटलं की पुन्हा दिसू, आणि कायमचे शेठचे. एकाने म्हटलं तर बाकीच्यांचाही धीर सुटेल. आम्ही शपथ घेतली आहे, म्हणायचं नाही. तू इकडे येऊ नकोस. तू हाक मारलीस तर माझ्याने राहवणार नाही.

माझी आठवण मोठ्याने काढत जा.

शालिग्राम


उंद्री, १६ डिसेंबर १९६३

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद.

तू नको म्हणालास तरी काल हजेरीच्या वेळी मी मैदानावर आले. माझ्याच शब्दाने तू असा झालास. पन्नासांत का होईना, पण डोळ्यांना दिसावास, असं मनात धरून आले होते.

उत्तमरावांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. फार गोड बोलले. म्हणाले की मारा बाई हाक, भाऊ बहिणीचं ऐकंल. वही मांडीवर उघडीच होती. मी तुझं नाव घेतलं. माझ्या उजव्या खांद्याशी कोणीतरी श्वास आत ओढला, बोलण्याआधी ओढतात तसा. त्याच वेळी उत्तमरावांच्या टाकाचं टोक कागदाला टेकलं. तेव्हा कळलं की तू हजर म्हणावंस म्हणून शेठचे लोक माझ्याच हाकेची वाट पाहत होते.

मी हात लांब करून तुझं तोंड दाबलं. तळव्याला दाढी टोचली. किती वाढली आहे रे! उत्तमरावांना सांगितलं की इथे कोणी नाही, मी उगाच आले.

परतीच्या गाडीत मी उंद्रीची दोन तिकिटं मागितली. कंडक्टरने दुसरं कोणाचं म्हणून विचारलं. भावाचं म्हटलं. तो मागेपुढे बघू लागला. मी म्हटलं की तुम्ही फाडा. खिडकीची जागा सोडून बसले. गाडीत माणसं उभी होती, पण त्या जागेवर कोणी बसलं नाही.

तू चढलास की नाही, ते मला कळलं नाही. म्हणून हे पत्र खामगावलाच टाकते. तिथे असशील तर मिळेल. इथे असशील तर मी लिहिताना वाचतोच आहेस.

लोभ दोन्हीकडे सारखाच.

तुझी
अक्का