वहिनींच्या मडक्यांचा बंदोबस्त

३ मे
आज दुकानात गिऱ्हाईक एकच. तेही वजनकाटा मागायला आलेलं. वर माठातलं पाणी पिऊन गेलं.

कारण उघड आहे. आमच्या थोरल्या वहिनी. मागच्या खोलीत मडकी मांडून बसल्या आहेत आणि त्याला बियाण्यांची बँक म्हणतात. मापभर बी न्या, पीक आलं की दोन मापं परत आणा. पैसे नाहीत, पावती नाही. मग माझ्यासारख्या लायसन्सवाल्या विक्रेत्याने काय माश्या मारायच्या?

तेही सोसलं असतं. पण काल मी दाढी करून घेत असताना सलूनच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या पाकिटावरचा मका काय सुंदर येतो हो, शेतातला तेवढा येत नाही. सलूनवाला एवढा हसला की माझा कान थोडक्यात वाचला.

सूड घेणार. शांत डोक्याने.

७ मे
प्लॅन नंबर एक. शेती खात्याच्या साहेबांना फोन करून तक्रार. विनापरवाना बियाणं वाटप, गंभीर बाब वगैरे.

साहेब आज आले. वहिनींच्या खोलीत तासभर. बाहेर आले ते आपल्या आईच्या शेतासाठी दोन मापं मका घेऊन! मग माझ्या दुकानात शिरले. यांना कोणी बोलावलं होतं? म्हणजे मीच, पण इकडे नव्हे. मुदत संपलेली पाकिटं निघाली. आजच्या आज फळीवरून काढा म्हणाले. काढली. खाली ठेवली.

१२ मे
प्लॅन नंबर दोन. मडक्यांना कीड लागलीय अशी कुजबुज सोडली. परिणाम लगेच दिसला. गावातल्या बायका घोळक्याने तपासायला गेल्या. मडकी उघडून पाहिली, हात घालून पाहिला. कीड नव्हती. मग आलोच आहोत तर म्हणून निम्म्या बायका सभासद होऊन परतल्या.

सगळ्यांत शेवटी नाव घातलं ते माझ्या बायकोने. माझ्या! विहिरीजवळचा तुकडा यंदा ती स्वतः करणार आहे म्हणे. इतकी वर्षं तो पडून होता, कारण मला दुकानातून फुरसत नसते. मी म्हटलं, घरचं दुकान असताना दुसऱ्याच्या दारात कशाला, फुकट घे. त्यावर ती म्हणाली, परसात लावलेलं फुकटचंच होतं, आलं का वर? मी म्हटलं, हवामान.

रात्री भाजीत मीठ कमी. मुद्दाम.

१८ मे
आता दयामाया नाही. हा प्लॅन म्हणजे शंभर टक्के.

मुदत संपलेली पाकिटं फोडली. दाण्यांचा औषधाचा गुलाबी रंग चोळून धुतला आणि दाणे पत्र्यावर कडक उन्हात वाळवले. साध्या मक्यासारखा मका दिसतो. आता हे वहिनींच्या मडक्यात आणि त्यांचं चांगलं बी बाहेर. पेरणी झाली की रान मोकळं आणि बँकेची अब्रू गेली!

कोणतं मडकं, हेही हेरून ठेवलंय. कोपऱ्यातलं, तोंड मातीने लिंपलेलं, वर खडूने फुली. उघडच आहे, सगळ्यांत सरस माल स्वतःच्या शेतासाठी राखलाय. मी असतो तर हेच केलं असतं.

हात गुलाबी झालेत. बायकोला ॲलर्जी सांगितली.

१९ मे
फत्ते! वहिनी गिरणीत गेल्या होत्या. दादा पुढच्या खोलीत घोरत होते. मध्येच एक डोळा उघडून चहा घेणार का विचारलं. नको म्हटलं. परत घोरायला लागले. मडकं रिकामं केलं, माझा माल भरला, तोंड पुन्हा लिंपलं.

त्यांचं बी फेकायचं जिवावर आलं. गुलाबी रंगवून रिकाम्या पाकिटांत भरलं. त्यांचाच माल माझ्या फळीवर. याला म्हणतात डोकं.

९ जून
पेरण्या उरकल्या. ती पाकिटं विकली गेली. सगळी एकट्या सलूनवाल्याला, चढ्या भावाने. कानाचा हिशेब चुकता.

२० जून
काहीतरी गडबड आहे. वहिनींचं शेत हिरवंगार. उधारीवर बी नेलेल्या सगळ्यांची शेतं हिरवीगार. फक्त विहिरीजवळचा आमचा तुकडा काळा. बायको रोज सकाळी तिथे उकिडवी बसून बोटाने माती उकरते. मी म्हटलं, मुंग्यांनी नेलं असेल.

२१ जून
आज कळलं. वहिनींचा नियम असा की सगळ्यांत सरस मडकं सगळ्यांत नव्या सभासदाला द्यायचं. नव्या माणसाचा पहिलाच डाव फुकट जाऊ नये म्हणून. फुली त्यासाठी होती. असा कुठे धंदा करतात का?

बायको चुलीपाशी रडली. सगळ्यांचं उगवलं, माझ्याच हाताला यश नाही म्हणाली. सांगावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण भाकरी तव्यावर होती, करपली असती.

जेवण गेलं नाही. म्हणजे अर्धंच गेलं.

२३ जून
विजय! वहिनी घरी आल्या. सगळ्या बायकांसमोर माझ्या बायकोचे हात धरून म्हणाल्या, चूक माझी, माझं मडकं वाया गेलं, तू मेहनतीत कुठे कमी पडली नाहीस. आणि काय बिघडलं ते कळेपर्यंत पुढच्या हंगामाला कोणालाच बी देणार नाही. बँक बंद.

मला हवं होतं तेच झालं. दुकान लवकर बंद करून साजरं करावं म्हटलं. करमेना. परत उघडलं.

बायकोने मात्र वहिनींचं ऐकलं नाही. मडकं कसं वाया जाईल, माझाच हात वाईट, हेच धरून बसलीय.

२७ जून
सलूनवाला चार माणसं घेऊन दुकानात. म्हणाला, तुझ्या पाकिटाने कमाल केली, मका गुडघ्याला लागला! सगळ्यांना तेच बी हवं. मी म्हटलं, वर्षानुवर्षांचा अनुभव.

वहिनीही त्याचं शेत पाहायला गेल्या. तिथे मक्याच्या ताटांच्या बुडाशी तांबडी झाक आहे. तसा मका फक्त त्यांच्याकडे आहे, त्यांच्या आईने जपलेला. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

तिथून सरळ दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, भाऊजी, माझं राहू द्या, पण ती स्वतःला दोष देतेय. आज तुम्ही तिला सांगा, नाहीतर मी सांगते.

२७ जून, रात्र
तयारी जय्यत होती. ती धोकेबाज म्हणाली तर बाजारातली स्पर्धा काढायची. माहेरी जाते म्हणाली तर दादांना मध्ये घालायचं. भांडी आपटली तर सरळ बाहेर पडायचं. मग सांगितलं. सुरुवात मुंग्यांपासून केली, पण शेवटी सगळं सांगितलं.

तिने विचारलं, म्हणजे दाणेच मेलेले होते? मी हो म्हटलं. माझ्या हातात दोष नव्हता? नव्हता म्हटलं. तिने पुन्हा एकदा विचारलं. मग तोंड धुतलं, पदर खोचला आणि बँक सुरू करा हे सांगायला वहिनींकडे निघून गेली.

माझी सगळी उत्तरं तशीच राहिली.