सातव्या बाटलीतली चिलटं

मंगळवार, ता. १४

चिमे,

तू बरी आहेस असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी होतो तशाच. आईचं अंथरूण सुटलेलं नाही, तोंड मात्र दिवसभर चालू. काल म्हणाली, "चिमी असती तर घरात जरा हसणं-बोलणं असतं." म्हटलं, "मग बोलाव तिला." लागली भिंतीकडे बघायला.

माझं काम तेच. कॉलेजात चिलटं सांभाळायची, केळ्यांवर बसतात ती. वीस बाटल्या. दर पंधरा दिवसांनी गुंगी द्यायची, प्रत्येक बाटलीतली सोळा न बघता उचलून नव्या बाटलीत टाकायची, बाकीची साबणाच्या पाण्यात. काहींचे डोळे लाल, काहींचे पांढरे, दोन्हींच्या मिसळीतून झालेल्यांचे नारिंगी. रंगावाचून कुणाचं काही अडत नाही. खाणं, जगणं, अंडी घालणं, सगळं सारखंच. तरी काही बाटल्यांत पांढरी पार संपली, काहींत लाल.

हा प्रयोग ज्यांचा, त्या मॅडमना मी विचारलं, "त्यांचं चुकलं काय?"

"काही नाही हो. थोडीच उचलतो ना आपण. ज्यांच्यावर हात पडला ती पुढे गेली. आणि बाटलीतून एक रंग गेला की गेला."

मला ते झोंबलं. आपण पाच भावंडं. एकेक करून गेलात, कुणी लग्न करून, कुणी नोकरीला, तू भांडून. माझ्यातच काही कमी म्हणून मी मागे राहिले, असंच मी समजत आले.

सातव्या बाटलीत नुसती लाल उरली, नारिंगीसुद्धा नाही. तेव्हा पाचवीतली तीन पांढरी उचलून मी तिच्यात सोडली. का, ते विचारू नकोस. मॅडमच्या दोन वर्षांच्या कामाची माती केली आणि त्या दिवशी मला छान झोप लागली.

आता तिथे पांढरी पुन्हा निघाली. मॅडमनी बाटल्या धुणाऱ्या मावशींना धरलं. नीट धुतल्या नाहीत, जुनी अंडी चिकटून राहिली म्हणे. शुक्रवारी काढणार त्यांना. मावशी रडत होत्या आणि मी हातात चिलटं उचलायचा कुंचला धरून ठोंब्यासारखी उभी.

आज सांगणार आहे. मग मलाच काढतील. पोटाचं बघेन काहीतरी. पण चिमे, माझे घराबाहेरचे ते सहा तास जातील. मी कामावर असते म्हणूनच शेजारीण आईजवळ बसते. उद्यापासून मी, आई आणि बंद खिडकी. उघडली की तिला वारा बाधतो.

परवा कूस वळवताना मी तिचा दंड ओढला. मुद्दाम ओढला. बोटांचे वळ उठले. ती नुसती बघत राहिली. हे लिहायचं नव्हतं.

तू ये. भांडण मिटवू नकोस हवं तर, पण ये. तीन महिने तू, तीन महिने मी. जमणार नसेल तर तसं तोंडावर लिही, गप्प बसू नकोस.

आधी पत्र पेटीत टाकते, मग मॅडमच्या खोलीत जाते. उलट केलं तर पत्र टाकायचा धीर होणार नाही.

तुझी ताई