किडा, नग दोन, परत करण्याच्या बोलीवर

पिंपरी,
रविवार, चहा झाल्यावर

चि. अंजली हिस,

भीमराज मामाचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, दोन वेळचं जेवण वेळेवर होत असेल आणि तुझे किडेही (एकूण किती ते तू कळवलं नाहीस, स्टॉक नेहमी कळवावा) सुखरूप असतील, असं धरून चालतो. इकडे माझा डावा गुडघा सोडला तर सगळं झकास आहे. गुडघ्याचं काय झालं ते पुढे येईलच, कारण त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. आता हे पत्र कागदावर कशाला, असं तुला वाटेल. मी व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही लिहिलं की ते फॅमिली ग्रुपवर जातं (कसं जातं ते विचारू नकोस, जातं) आणि तुझी आई ते वाचते. हे पत्र तिच्या नजरेस अजिबात पडता कामा नये. शिवाय एकतीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला सही न करता दिलेली वस्तू दिल्यासारखी वाटत नाही.

तर गेल्या महिन्यात तू मला दोन गोष्टी पाठवल्यास. एक तुझा बेचाळीस पानांचा अहवाल, ऑस्ट्रेलियातल्या पाण्यात बुडी मारणाऱ्या त्या भुंग्याचं वर्गीकरण आणि तो कुठे कुठे सापडतो याबद्दलचा. आणि त्याच्याखाली एक ओळ, की मामा, आई अकरा महिने फोन उचलत नाही, मग मी डिसेंबरात येऊन काय करू, तिकीट काढत नाही. बेचाळीस पानं माझ्या डोक्यावरून गेली, पण ती एक ओळ बरोबर पोटात गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही (वांग्याची भाजी होती हेही एक कारण, पण मुख्य कारण तू). मी तिथल्या तिथे ठरवलं की तुझ्या आईला, आमच्या कस्तुराला, हा किडा समजावून द्यायचा. एकदा किडा समजला की मुलगी समजेल, असा माझा सरळ हिशेब.

त्याआधी मला तो समजायला हवा होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळी पानं छापून आणली (त्याने विचारलं, काका झुरळाचं औषध काढताय का) आणि पेन्सिल घेऊन बसलो. अंजली, राग मानू नकोस, पण तुमच्या खात्यात काही शिस्त म्हणून नाहीच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा साहेबाने एका मेलेल्या भुंग्यावरून नाव ठेवलं. दुसऱ्या साहेबाने तोच भुंगा दुसरीकडे पाहून दुसरं नाव ठेवलं. तिसऱ्याने तो या कुळातून उचलून त्या कुळात टाकला, चौथ्याने परत आणला. आमच्याकडे साध्या वॉशरचा पार्ट नंबर बदलायचा तर चार सह्या लागायच्या आणि त्यातला एक साहेब हटकून रजेवर असायचा. आणि तुझा तो नकाशा! खाली डाव्या कोपऱ्यात ठिपके, खाली उजव्या कोपऱ्यात ठिपके, मधे हजारो मैल कोरडं ठणठणीत रान, तिथे ठिपका नाही. आणि तू लिहितेस की दोन्हीकडचा भुंगा बहुधा एकच. अगं, एक माल दोन रॅकवर आणि मधे काहीच नाही, म्हणजे तो दोन वेगळा माल असतो! हे मला रॅक पाहून कळतं, भुंगा पाहायचीसुद्धा गरज नाही. डिसेंबरपर्यंत तुला एक की दोन ते ठरवून द्यायचंय असं शेवटच्या पानावर वाचलं. माझ्या नावाने दोन लिहून टाक.

असा पूर्ण तयार होऊन मी मोहननगरला तुझ्या आईकडे गेलो. तिने चहा दिला, मी पानं उघडली. कुळ झालं, उपकुळ झालं, मग जाती-प्रजातींवर आलो तशी ती म्हणाली, आपण जात टाकून साठ-सत्तर वर्षं झाली आणि माझी पोरगी तिकडे किड्यांना जाती वाटत बसलीय होय? मी हात टेकले. पण थांब, खरं दुखणं ते नव्हे. कप विसळता विसळता पाठमोरी असतानाच तिने ते सांगितलं. तिने भोसरीच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं काढली, ट्यूबलाइटखाली मान खाली घालून, छोट्या छोट्या रिंगा बघत, पास, रिजेक्ट, पास, रिजेक्ट. चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी वाढायचा. तू हिंजवडीला लागलीस, मारुंजीत खोली घेतलीस, तेव्हा तिने सगळ्या चाळीत सांगितलं होतं की माझी पोरगी मान वर करून काम करते. आणि आता तू नोकरी सोडून तिकडे ऑस्ट्रेलियात भिंगाखाली मान खाली घालून नखाएवढा किडा बघतेस. मी डोळे घालवले ते हिने डोळे घालवावेत म्हणून का दादा, असं म्हणाली. मी दुसरा चहा मागितला.

पण मी हार मानणारा नव्हे. स्टोअरचा पहिला नियम असा, की कागदावर पटत नसेल तर माल प्रत्यक्ष दाखवावा. ऑस्ट्रेलियाचा किडा आणणं शक्य नव्हतं, पण त्याचा इकडचा चुलतभाऊ मिळतो का, म्हणून शफीला फोन लावला. शफी तुला आठवत असेल, माझा जुना दोस्त, चाकणला ज्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. तो म्हणाला, भीमराजभाऊ, किडे ना, इथं रोज संध्याकाळी गाड्यांवर टपटप पडतात राव, या! त्याच्या शेजारी नव्याकोऱ्या गाड्या उभ्या करायचं यार्ड आहे (कोणाचं ते लिहीत नाही, चांगली माणसं आहेत, ओरखडे काढायचं काम शफीलाच देतात) आणि मागे खाणीचं पाणी साठलेलं डबकं. तू लिहिलं होतंस तेच खरं निघालं बघ. या भुंग्यांना काळं चकचकीत छप्पर वरून पाणीच वाटतं आणि ते बुडी मारायला म्हणून सूर मारतात, ते थेट पत्र्यावर. मला त्यांची दया आली. मी चहाची गाळणी घेऊन पुढे झालो, अत्यंत कौशल्याने दोन भुंगे पकडले आणि त्या गडबडीत स्पीडब्रेकरवर गुडघा फोडून घेतला.

खरी गंमत गेटवर झाली. तिथला सिक्युरिटीवाला ओंकार म्हणून, लातूरकडचा, कामाला एकदम चोख. त्याने बाटली उजेडात धरली आणि विचारलं, काका, हे काय घेऊन चाललाव? म्हटलं, किडा. तो म्हणाला, यार्डातून काहीबी बाहेर जायचं तर गेटपास लागतोय. शफीने कपाळावर हात मारला, पण मला विचारशील तर माझे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर चार वर्षांनी कोणीतरी मला गेटपास मागितला होता! मी स्वतः त्याचं पुस्तक घेऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: किडा, काळा, जिवंत, नग दोन. पुढे रकाना होता, माल परत येणार की नाही. परत येणार नसेल तर मॅनेजरची सही लागते आणि मॅनेजर घरी गेलेला. म्हणून मी परत येणार असं लिहिलं, मुदत आठ दिवस, आणि खाली झोकात सही ठोकली. या सहीबद्दल पुन्हा लिहीनच.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईकडे भुंगे बरणीत पाणी घालून सोडले आणि बरणी गॅलरीत ठेवली. झाकण लावलं नाही. पाण्यात राहणारा प्राणी पाणी सोडून जाणार कुठे, असा माझा विचार (तू बेचाळीस पानांत पाणी मिळालं तरी हा पुन्हा उडतो हे एकदाच लिहिलंयस आणि तेही एकतिसाव्या पानावर, ते पान मी घाईत गाळलं होतं). नेमकी त्याच संध्याकाळी शेजारच्या ज्ञानदेवने नवी गाडी आणली. काळी. चकचकीत. सगळी बिल्डिंग खाली, पेढे चाललेत, योगिनीवहिनी हार घालतायत, आणि आमचे दोन्ही नग वरून आले आणि टप, टप, बरोबर छपरावर! वहिनी झुरळ झुरळ म्हणून किंचाळल्या. ज्ञानदेवने चप्पल काढली आणि स्वतःच्याच नव्या गाडीवर उगारली. आणि अंजली, आता नीट वाच. तुझ्या आईने, जिने अकरा महिने तुझं नाव घेतलं नाही, पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि चारचौघांत म्हणाली, मारू नका भाऊ, ते माझ्या अंजलीचे आहेत.

तिने दोन बोटांत एकेक भुंगा असा अलगद उचलला, जशी ती रिंगा उचलायची, दोघांना पदरात घेतलं आणि वर गेली. मी लंगडत मागे. वर तिने स्टीलच्या ताटात पाणी घेतलं, चष्मा पुसला, ताट दिव्याखाली ओढलं आणि बघत बसली. भुंगा शेपटाकडची बाजू वर काढून पंखाखाली हवा भरून घेतो आणि पुन्हा तळाला जातो, ते तिने पाच-सहा वेळा बघितलं. मी म्हटलं, एकाची पाठ गुळगुळीत आणि दुसऱ्याच्या पाठीवर चरे, म्हणजे दोन वेगळा माल, उघड आहे. ती मान वर न करता म्हणाली, नाही दादा, कड तीच, डोकं तेच, मागचे पाय तेच, गुळगुळीतवाल्याच्या फक्त पुढच्या पायाला चकत्या आहेत, ही जोडी आहे, नवरा-बायको. मी घाईघाईने तुझी पानं चाळली. सतराव्या पानावर अक्षरशः तेच! चिकट चकत्या नराला, चरे मादीला. तिने पानं माझ्या हातातून काढून घेतली आणि तेव्हापासून परत दिलेली नाहीत. रोज दुपारी उजेडाला बसून चित्रं बघते. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणते काही नाही.

तर मुद्दा हा, की तिकीट काढ. फोन तू आधी करू नकोस, ती अजून अवघडलेली आहे, हळूहळू वळवतो. हे सगळं माझ्या युक्तीने जमत आलंय, आता घाई करून बिघडवू नकोस. थंडीचे कपडे घालत जा. शफीने सलाम सांगितलाय.

तुझा मामा,
भीमराज
(निवृत्त स्टोअरकीपर)

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. त्या गेटपासची मुदत मंगळवारी संपली. ओंकार शफीला रोज विचारतो, माल आला का, आणि माल आल्याशिवाय शफीला यार्डात सोडत नाही, त्याचं तिथलं काम अडलंय. भुंगे परत नेऊ म्हटलं तर कस्तुरा बरणीला हात लावू देत नाही. तरी तुझ्या विद्यापीठाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, दोन ओळी पाठव की सदर किडे नग दोन संशोधनासाठी कायमचे ठेवून घेतले आहेत. शिक्का ठळक हवा.

ता. क. दुसरा. शिक्का गोल असेल तर उत्तम.

अंजली, हे मी लिहिते आहे, आई. तुझ्या मामाने पत्र चिकटवायला माझ्याकडेच आणलं, त्याच्या घरी डिंक नाही. भुंगे शफीभाऊंनी पकडले, हा नुसता पडला. बरणी माझ्या लिंबाच्या लोणच्याची होती. ज्ञानदेवभाऊंच्या गाडीपाशी मी म्हणाले असं तो लिहितो, ते मात्र खरं आहे.

तुझी चित्रं बघितली. मामा म्हणतो दोन जागी सापडले म्हणून दोन. जागेवरून माल ठरत नसतो, नग बघावा लागतो. पश्चिमेकडच्या तिन्ही चित्रांत कडेचा पिवळा पट्टा मागे जाताना बारीक होत संपतो. पूर्वेकडच्या तिन्हीत तो शेवटपर्यंत सारखा जातो. ही जोडी नव्हे, तिन्ही नरच आहेत दोन्हीकडे, पायाच्या चकत्या मी बघितल्या. तू एक लिहिलंस ते मला पटत नाही. पण तीन तीन नगांवर लॉट पास करत नाहीत आणि रिजेक्टही करत नाहीत, एवढं तरी तू माझ्या घरात शिकली असशील. बाकीच्यांचे फोटो मोठे करून पाठव. मला पाठव, त्याला नको. आणि फोन दुपारी कर, उजेड असतो. मी उचलीन.