टेपाडावर रेंज होती

अवसरी बुद्रुक
नवरात्र, शुक्रवार

प्रिय सिद्धी,

हे पत्र माझ्या खोलीतल्या रुपालीजवळ देते आहे. ती उद्या जुन्नरला घरी जाते आहे. दुकानात द्यायचं नाही, गल्ल्यावर ठेवायचं नाही, तुझ्याच हातात द्यायचं, असं तिला बजावलंय. तुला फोन केला की तू उचलतेस, पण मागे गिऱ्हाईक असतं, नाहीतर दादी बसलेल्या असतात. मग ‘मेस कशी आहे, तिकडे पाऊस आहे का’ एवढं विचारून तू ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. बारावीच्या निबंधानंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस.

आधी माझं सांगते. हॉस्टेलच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, म्हणून आम्ही तिघी कोंडाबाई म्हणून एक आजी आहेत त्यांच्या घरी खोली घेऊन राहतो. त्या आम्हाला ‘इंजिनेर’ म्हणतात आणि बोअरची मोटर बंद पडली की आम्हालाच हाक मारतात. आम्हाला अजून काही येत नाही हे त्यांना पटत नाही. पहिले दोन आठवडे वर्गात काय चाललंय ते मला कळलंच नाही. सर इंग्रजीतून भराभर सांगायचे, मी नुसती फळ्यावरचं उतरवून घ्यायची. आता निम्मं कळतं. ड्रॉइंगच्या शीटवर माझ्या रेघा अजून पुसट-जाड येतात, पण गणितात बरी आहे. रविवारी मंचरला जाऊन भाजी आणतो. अजून एकदाही रडले नाही, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मंग मीच रडती हितं, तू कर अभ्यास.’

फॉर्म भरले तो दिवस मला सारखा आठवतो. तुमच्या दुकानाच्या माडीवर, कढयांच्या चळतीमागे आपण बसलो होतो. माझ्याकडे फोन नव्हता, म्हणून माझा सगळा फॉर्म तू तुझ्या फोनवरून भरलास आणि नंबर माझ्या वडिलांचा, दादांचा टाकलास. आमच्या वाडीचा रस्ता दर पावसाळ्यात वाहून जातो म्हणून मी सिव्हिल घेतलं, असं मी इथे सगळ्यांना सांगते. खरं तर अवसरीहून एका दिवसात घरी जाऊन येता येतं आणि तिथे मला सिव्हिलच मिळण्यासारखं होतं, एवढंच कारण होतं. तुझा फॉर्म भरताना मात्र काका वर आले होते. ते बापाच्या हक्कानं तुझ्या मागे उभे राहून एकेक कॉलेज सांगत होते आणि तू टाकत होतीस. सगळी पुण्याची, सगळीकडे कॉम्प्युटर. तू एकदाही मान वळवून त्यांच्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, तू चूक होऊ नये म्हणून इतकं लक्ष देऊन बसलीस.

मग जुलैत प्रवेशाची यादी आपण समजत होतो त्याच्या आधीच लागली. मी आवणीला, भाताची रोपं लावायला, घरी गेले होते. दादांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोनाड्यात ठेवलेला. घरात रेंज नाही, खाचरात नाही, ती मिळते ती फक्त वरच्या टेपाडावर. तू किती वेळा लावलास ते तुलाच माहीत. शेवटी मुदतीच्या शेवटच्या दिवशी तू स्वतःच आलीस. एस.टी. ओढ्याच्या अलीकडेच थांबली. तिथून तू दुधाच्या मोटरसायकलवर बसून आलीस, आणि पुढे बांधावरून चपला हातात घेऊन. आम्ही सगळे चिखलात वाकून रोपं लावत होतो. आईनं तुला ओळखलं आणि म्हणाली, ‘आगं बया, ही तर भांडीवाल्या शेटची पोर. हितं कशी आली?’ तू लांबूनच म्हणालीस, ‘नूतन, तुला अवसरी लागलंय, आज संध्याकाळपर्यंत घ्यायचंय.’

पुढचं आईनं सगळ्या वाडीत सांगितलंय. दादा, तू आणि मी टेपाडावर गेलो. दादांनी आपल्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरला. तू म्हणालीस, ओटीपी येईल. नंतर खाली आल्यावर दादांनी तेच आईला सांगितलं, तर ती विचारते, ‘कुनाची वटी? हिची भरायची का?’ वर टेपाडावर पहिला ओटीपी आला तोवर त्याची वेळ संपली. दुसरा आला तर दादांना आकडे दिसेनात. ‘माज्या डोळ्यात पानी गेलं, तूच बघ,’ असं म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. तो पाऊस होता की दुसरं काही, मी विचारलं नाही. मी आकडे वाचले, तू टाकलेस, पैसेही तुझ्याच फोनवरून भरलेस आणि म्हणालीस, ‘झालं, आता तू सिव्हिलची.’ मी तुला लगेच विचारलं, ‘तुझं झालं का?’ तू म्हणालीस, ‘सकाळीच केलं.’ आणि फोन पर्समध्ये टाकलास. घरी आईनं भाकरी दिली. चटणीत लसूण होता, तो तुमच्यात चालत नाही, म्हणून तू तेल-मीठ लावून खाल्लीस आणि दुपारच्या गाडीनं गेलीस. त्या दिवशी आई मला म्हणाली होती, सख्खी बहीण असती तरी एवढ्या पावसात आली नसती.

दोन दिवसांनी मी कागदपत्रांसाठी जुन्नरला आले तेव्हा पेढे घेऊन तुमच्या दुकानात शिरले. काकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, ‘तुझं झालं, चांगलं झालं.’ दादींनी घेतला नाही. त्या म्हणाल्या, ‘आमच्या पोरीनं तुझ्यापायी वर्ष घालवलं. तुमच्या डोंगरात रेंज नाही, तिचं राहून गेलं.’ मला आधी काहीच समजेना. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं आणि मुदतीत घेतलं नाही तर पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही, हे मला काकांकडून तिथेच कळलं. तू एका बाईंना पातेली वजन करून देत होतीस. तू काट्यावरून नजर वर उचलली नाहीस. नंतर गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आलीस आणि म्हणालीस, ‘तू काही बोलू नकोस. दादी बोलते आणि विसरते.’ मी नाही बोलले.

दादी विसरल्या नाहीत. बाजारात त्यांनी ते चार जणींना सांगितलं. ते फिरून आईपर्यंत आलं. ती आता बाजाराला आली की तुमच्या गल्लीनं जात नाही, मागच्या रस्त्यानं वळसा घालते. लई ओशाळवाणं वाटतं, म्हणते. शेटच्या पोरीचं नुकसान करून आपल्या पोरीचं भलं केलं, असं तिच्या डोक्यात बसलंय.

सिद्धी, मी त्या दिवशी तुझ्या शेजारी उभी होते. माझं सगळं तुझ्याच फोनवर झालं. तुझ्या फोनला चांगली रेंज होती, आणि संध्याकाळ व्हायला अजून खूप अवकाश होता. पहिल्यांदा मला वाटलं, सकाळी तू काहीतरी चुकीचं दाबलं असशील आणि आता लाजेनं सांगत नाहीस. मग गणपतीत मी घरी आले तेव्हा तुला दुकानात बघितलं. लग्नाच्या भांड्यांची यादी घेऊन पंधरा माणसं आली होती. पारसदादा फोनवर होता आणि तू एकटी सगळ्यांना उरकत होतीस. नवरीच्या मामाला पितळ वाजवून दाखवत होतीस, आवाजावरून पातळ-जाड कसं ओळखायचं ते सांगत होतीस. मी तुला शाळेपासून ओळखते, पण इतकी खूश मी तुला कधी पाहिली नाही. तेव्हा मला कळलं की सकाळी तू काहीच दाबलं नव्हतंस, आणि घरी रेंजचं निमित्त सांगितलंस. तुमच्या घरात दुकान पारसदादाचं आणि शिक्षण तुझं, अशी भावाबहिणीची वाटणी लहानपणीच झालेली. ती मोडायची तर भांडावं लागलं असतं. भांडण्यापेक्षा माझ्या वाडीला येणं सोपं होतं.

खरं सांगते, मला राग आला. तू माझ्यासाठी आलीस की स्वतःसाठी, हे मी किती दिवस घोळवत बसले होते. आता ते सोडून दिलंय. दोन्हीसाठी आली असशील. चिखलातून तू आलीसच नसतीस तर मी आज इथे नसते, एवढं खरं आहे. माझ्यावर आळ आला तर येऊ दे, आईलाही मी समजावीन, असंच मी ठरवलं होतं. हे पत्र मी कधीच लिहिलं नसतं.

पण गेल्या रविवारी काका इथे आले होते. मंचरला मालासाठी आले, तिथून वाट वाकडी करून अवसरीला. कोंडाबाईंच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले, फरसाणचा डबा दिला. दादीचं बोलणं मनावर घेऊ नकोस, म्हणाले. मग म्हणाले, ‘त्या दिवशी ती गाडी मागत होती. मी म्हटलं, पारसला नारायणगावला जायचंय, तू एस.टी.नं जा. गाडी दिली असती तर वेळेत घरी आली असती. तुझा काही दोष नाही नूतन, पोरीचं वर्ष माझ्यामुळे गेलं.’ दिवाळीनंतर तुझ्यासाठी पुण्यात क्लास ठरवलाय, हेही त्यांनीच सांगितलं. निघताना विचारलं, ‘वर अजिबात रेंज नव्हती का गं?’ मी म्हटलं, काका, पाऊस फार होता. ते मान हलवून गेले. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. परवा रविवारी ते पुन्हा येणार आहेत, माझी सीईटीची पुस्तकं तुझ्यासाठी न्यायला. त्यांनी परत विचारलं तर मी पावसाचं सांगणार नाही. म्हणून हे पत्र उद्याच तुझ्या हाती पडायला हवं. उद्या दुकान बंद झालं की तू त्यांच्याजवळ बस आणि तूच सांग, दुकानाचंही सांग. ते रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, दादी तर महिनाभर बोलतील. तुला एकटीला भीती वाटत असेल तर रुपालीला सांग, ती मला लगेच फोन करील, मी रविवारी पहिल्या गाडीनं येते आणि तुझ्या शेजारी बसते. काकांना द्यायची पुस्तकं मी अजून खोक्यातून काढलेली नाहीत.

तुझीच, आणि काही झालं तरी तुझ्याच बाजूची,
नूतन