त्या घरात नाव घेत नाहीत

४ जानेवारी, सातारा
लेकीचं, सु.चं, कपाट झाडताना तिची कादंबरी हाती आली. अमेरिकेच्या दक्षिणेतलं मोठं घराणं, उतरती कळा. थोडी पानं वाचली नि डोकं गरगरलं. काल कुठला, आज कुठला, पत्ता नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, सगळं मुसळ केरात! कडेला सु.च्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांच्या बोटाला धरून चालले.

८ जाने.
यांना गोष्टीची चटक लागली. सुभेदारी संपली तरी संध्याकाळी हुकूम सुटतोच, "हं, रिपोर्ट दे. काय झालं त्या अमेरिकेवाल्यांचं?" म्हटलं, घरातला एक मुलगा गोष्ट सांगतो, अंगानं मोठा, मनानं लहान, त्याला काल-आज एकच. "मग त्यात काय अवघड हाय? आपल्या नानांचं शेवटी तसंच हुतं की." सासऱ्यांचे ते दिवस आठवले नि मला एकदम सोपं वाटायला लागलं.
उद्या मिलिटरी कँटीन, म्हणून बूट पॉलिश करत बसलेत. बाहेर जायचं की आदल्या संध्याकाळी बूट.

१३ जाने., भोगी
तीळ लावलेली पहिली भाकरी सु.ची असायची. आजही वेगळी काढली. यांनी पाहिलं.
सु. विश्रामबागेत, कॉलेजात शिकवते. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून यांनी घरात तिचं नाव बंद केलं. इथंही मी सु.च लिहिते. चोरून फोन करते. यांना ठाऊक नाही. किंवा असेल.

१६ जाने.
कादंबरीतही मुलीच्या नावाला घरात बंदी! तेवढं गाळून पुढं जाणार होते. पण हे कसले सोडतात, "सारखं पोरगी पोरगी काय? नाव न्हाई व्हय तिला?"
"आहे. त्या घरात घेत न्हाईत."
कप खाली ठेवला. जेवलेही नाहीत नीट. फार वाईट वाटलं. मी यांचं नाव घेत नाही ते मानापोटी, आणि तिचं... जाऊ दे.

२० जाने.
रिपोर्ट बंदच होता. आज मीच म्हटलं, आवं, हे पान काही केल्या कळेना.
पेपरातून तोंड न काढता, "मग सुजाताला विचार की. शिकलीय न्हवं ती."
सुजाता म्हणाले. सुजाता!
फोन लावला, स्पीकरवर. ती भराभर समजावत होती, वर्गात असल्यासारखी. माझ्या डोक्यात काही शिरेना, नुसते डोळे वाहत होते. मध्येच हे, "त्या पोरीला मागनं कुनी आनायला गेलं का न्हाई?"
पलीकडून हळूच, "न्हाई, आबा. कुनीच गेलं न्हाई."
"लय वाईट," म्हणाले आणि उठून गेले.
आता ओसरीत जुना पेपर पसरलाय, बूट पॉलिश चाललंय. कँटीन तर नऊ तारखेलाच झालंय. कुठं म्हणून मी विचारलं नाही. बाजरीचं पीठ चाळून ठेवलं, तीळ काढले.