भांड्यांवरचं नाव

९ नोव्हेंबर

आलो एकदाचे भोपाळला! श्रीकांतच्या बदलीचं कळल्यावर सासूबाईंनी असं तोंड पाडलं, जणू लेकाला काळ्या पाण्यावरच धाडताहेत. मी मात्र स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन देवापुढे साखर ठेवली. आज अवधपुरीतल्या या घराची किल्ली हातात आली. वर मालक नाही, खाली भाडेकरू नाही, अख्खं घर आमचं. कारखाना जवळ आहे, त्यामुळे श्रीकांत दुपारी जेवायला घरी येणार म्हणतो. येऊ दे बापडा.

बाकीच्या खोल्या मी नंतर पाहिल्या. आधी स्वयंपाकघर. मोठी पूर्वेची खिडकी, लांबलचक ओटा, भिंती रिकाम्या. लग्न झाल्यापासून पुण्याला राहिले, पण तिथला चहाचा डबासुद्धा कधी माझ्या मनाने हलला नाही. कारण काय, तर मी लग्नात नाव बदलू दिलं नाही. ताटात तांदूळ पसरलेले, श्रीकांतच्या हातात अंगठी, भटजी खोळंबलेले, आणि मी सांगितलं की माझं नाव संपदा आहे आणि संपदाच राहील. सासूबाईंनी ते ताट उचलून आत नेलं, आणि त्याच्याबरोबर स्वयंपाकघरही नेलं. नाव तुझं ना, मग घर आमचं, असं त्या कधी बोलल्या नाहीत. नुसत्या तसं वागल्या. असो! आता माझा ओटा, माझे डबे. त्या आनंदातच ही रोजनिशी सुरू करतेय.

१६ नोव्हेंबर

ठरलं. जुन्या वळणाचं स्वयंपाकघर करायचं. भिंतींना फिका पोपटी रंग दिला, फळ्यांना कापडी झालर लावली, खिडकीत बरणीचं लोणचं (लोणचं विकतचं आहे, बरणी मात्र खरी जुनी). हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं.

आज श्रीकांतला ओढत जुन्या शहरात नेलं. एका बोळात भंगार-कम-पुराण्या वस्तूंचं दुकान सापडलं आणि मी तिथे बसकणच मारली. लाकडी मांडणी, आणि तिच्यावर पितळेचा अख्खा संसार: उतरत्या मापाचे डबे, पातेली, परात, तांब्या, ताटं-वाट्या. सगळ्यांवर ठसठशीत देवनागरीत कोरलेलं, सौ. रत्नप्रभा. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतातच, पण त्याबरोबर आडनाव, तारीख किंवा देणाऱ्याचं नाव असतं. इथे नुसतं तेवढंच. मला फक्त डबे हवे होते, तर दुकानदार म्हणाला, बाजी (म्हणजे ताई), सेट नहीं टूटेगा, लेना है तो पूरा लो. एका मराठी घराचं सामान आहे आणि त्या घरात आता कुणी उरलं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. श्रीकांत कुरकुरला, पण टेम्पो त्यानेच ठरवला.

२० नोव्हेंबर

चिंच लावून घासता घासता हात सोलवटले, पण काय झळाळी आली आहे! सकाळचं ऊन मांडणीवर पडलं की पोपटी भिंतही सोनेरी दिसते. मैत्रिणींना फोटो पाठवले. सगळ्या जळाल्या असणार, आणि जळोत.

एक फोटो तर फारच गोड आला. मी हौसेनं काठापदराचं लुगडं काढलं, ताटात तांदूळ पसरले आणि श्रीकांतला म्हटलं, लग्नात राहिलं ते करू, नुसतं फोटोपुरतं. त्याने अंगठी काढली. काय लिहू, म्हणाला. मी म्हटलं, लिही काहीही. त्या गाढवाने ताटाच्या काठावर बघून तांदळात लिहिलं, रत्नप्रभा. दोघंही पोट धरधरून हसलो. सासूबाईंना फोटो पाठवला तर त्यांचं लगेच उत्तर, आता कशी शोभतेस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं, आणि तेही चेष्टेच्या फोटोचं.

२७ नोव्हेंबर

भांडी शोभेची होती, पण श्रीकांतने हट्टाने कल्हई करून आणली. त्याला आजीकडचं पितळेच्या ताटातलं जेवण आठवतं म्हणे. हल्ली तो त्याच ताटात जेवतो. खरंच वरणाला चव येते, नाही म्हणणार नाही.

आज ताक वाढताना तो म्हणाला, रत्ना, मीठ दे. मी हसले. संध्याकाळी पुन्हा, रत्ना, टॉवेल. मी म्हटलं, पुरे आता, विनोद शिळा झाला. तो खरोखरच गोंधळून बघत राहिला. कसला विनोद, असं त्याने विचारलं.

४ डिसेंबर

कामाला येणारी फूलवती मला संपदा दीदी म्हणायची. परवा तिला उरलेली खीर त्याच पितळी वाटीत दिली. काल दारात येऊन तिने हाक मारली, रत्ना दीदी, दरवाज़ा खोलो. मला वाटलं, श्रीकांतनेच शिकवून ठेवलंय. तिला विचारलं तर म्हणाली, भैया से तो मैं बोलती ही नहीं, दीदी, आपका नाम ही तो यही है.

आणखी एक. आज मी पुरणपोळ्या केल्या. मला पुरणपोळी येत नाही. आईने शिकवून पाहिली, सासूबाईंनी टोमणे मारून पाहिले, माझी पोळी फुटायची ती फुटायचीच. आज हात आपोआप चालले. श्रीकांत बोटं चाटत जेवला, आणि तो उठल्यावर मी त्याच्याच उष्ट्या ताटात बसून जेवले. निम्मं जेवण झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं. मी कुणाच्या उष्ट्यात जेवत नाही, माझ्या आईनेही मला तसं वाढवलं नाही. ताट सारलं आणि मोरीत जाऊन ओकले.

१० डिसेंबर

शेजारच्या शालिनीकाकू आल्या होत्या. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत नागपूरहून इथे आले, पुढचा उभा जन्म भोपाळातच गेला. मांडणी पाहताच त्या दारात थबकल्या. चहा घेतला, पण कपातून. पितळेच्या वाटीतला चिवडा सरकवला तर, उपास आहे, म्हणाल्या. आज कसला उपास ते मला माहीत नाही.

मग त्यांनी सांगितलं. जुन्या शहरातलं ते मराठी घर त्यांना चांगलं माहीत होतं. थोरल्या सुनेच्या लग्नात भांडी आली, तिचं नाव रत्नप्रभा ठेवलं आणि भांड्यांवर घातलं. ती गेली. दुसरी आली. आता भांड्यांवरचं नाव कोण खोडणार, कोण पुन्हा कोरणार, म्हणून तिचंही नाव रत्नप्रभाच ठेवलं. मग धाकट्याची आली, तिचंही तेच. पुढे रीतच पडून गेली. बाईला साजेसं नाव नाही शोधायचं, भांड्यांना साजेशी बाई करायची. काकूंची त्यांच्यातल्या एकीशी मैत्री होती. तिचं माहेरचं नाव काय होतं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, तेच तर, बाई, मी तिला एकदा विचारलं होतं आणि ती विचार करत बसली.

सामान सुटं का विकत नाहीत ते आता कळलं. डबे नुसते डबे राहतील, अख्ख्या संसाराला मात्र बाई लागते.

१४ डिसेंबर

सगळी भांडी पोत्यात भरली आणि रिक्षा करून दुकानात नेऊन टाकली. पैसेही मागितले नाहीत. घरी येऊन स्टीलच्या ताटात पिठलं-भात जेवले आणि ढसाढसा रडले, सुटल्याच्या आनंदाने.

संध्याकाळी श्रीकांत आला तो भांडी घेऊनच, दुकानदाराने त्याला फोन केला म्हणे. जराही चिडला नाही. उलट समजूत घालत होता. घरची लक्ष्मी अशी कुणी बाहेर टाकतं का, म्हणाला. मी ओरडले, माझं नाव सांग. माझ्याकडे बघून सांग. तो हसला आणि म्हणाला, तू हल्ली किती छान झाली आहेस, पूर्वी दहा हाका मारल्या तरी यायची नाहीस, आता रत्ना म्हटलं की चटकन येतेस.

म्हणजे त्याला सगळं कळतंय. कळूनही त्याला हेच बरं वाटतंय. याच्याबरोबर मी नऊ वर्षं काढली, आणि त्याला हवी होती ती दुसरीच बाई.

१७ डिसेंबर

बँकेत सही जुळली नाही. मी सही केली, क्लार्कने कागद परत सरकवला. मी पुन्हा केली. कागदावर काय उमटलंय ते मी वाचलं आणि कागद फाडून पर्समध्ये टाकला.

जे त्या भांड्यांतलं खातात ते मला त्या नावाने हाक मारतात, हे पक्कं. आणि मी ओ दिली की माझं काहीतरी जातं. काल फूलवतीला ओ दिली आणि माझ्या शाळेचं नाव गेलं. आठवतच नाही. म्हणून आता ओ द्यायची नाही. हाक आली की दात आवळून बसायचं.

फक्त आई अजून मला संपू म्हणते. नागपूरहून रोज फोन करते. मी पुन्हा पुन्हा म्हणायला लावते. तिला वाटतं, मला माहेरची आठवण येते. आई आहे तोवर मी आहे.

आई परवा येतेय. मीच बोलावलंय. तिच्याबरोबर नागपूरला जाईन, या घरातलं काही नेणार नाही.

१९ डिसेंबर

आई आली. गाडीतून उतरताच, अगं संपू, किती वाळलीस! मी फलाटावरच तिच्या गळ्यात पडले. लोक बघत होते, बघू देत.

तिच्यासाठी नवं स्टीलचं ताट, वाटी, पेला आणलाय. तिला सक्त सांगितलं, या मांडणीला हात लावायचा नाही. बरं बाई, म्हणाली.

२० डिसेंबर

तिकिटं परवाची मिळाली. तोवर सांभाळायचं.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. शेंगांची टोपली पुढे ओढली, सोलायला लागली. मग म्हणाली, मलाही पहिलं वर्ष जड गेलं, मग सवय होते. मी म्हटलं, कसली सवय. तर म्हणाली, कमलिनी हे नाव तुझ्या बाबांच्या घरचं, मी कमलिनी म्हणून जन्मले नव्हते.

मला हे माहीतच नव्हतं. माझी आई, आणि मी कधी विचारलंही नाही. तुझं मूळ नाव काय, म्हटलं.

तिने दाणे सुपात टाकले. विचार करत बसली.

आठवत नाही गं, म्हणाली. हसून म्हणाली.

२१ डिसेंबर

अंघोळीहून आले तर आई आत होती — स्वयंपाकघरात — श्रीकांतला वाढत होती आणि स्वतःही घेऊन बसली होती. पितळेच्या ताटात. मी ताट ओढलं, वरण सांडलं. म्हणाली, अगं, किती वर्षांनी पितळेत जेवले, आजीची आठवण आली, त्यात काय एवढं.

श्रीकांत म्हणाला, आई, अजून एक पोळी घ्या, रत्नाच्या हातची.

तिने घेतली.

अजून संपू म्हणते. दुपारी दोनदा म्हणाली. मी मोजत नाही — ऐकत राहते. संध्याकाळी नुसतंच, अगं. नुसतं अगं, ए.

नागपूरच्या घराचा रंग — दार कुठल्या बाजूला — आठवत नाही — आईला विचारलं तर ती सांगेल. पण विचारायची भीती वाटते.

२२ डिसेंबर

गाडी संध्याकाळची. बॅग भरलेली आहे. खोलीचं दार लावून लिहितेय.

स्वयंपाकघरात हसण्याचे आवाज. आई, तो, फूलवतीसुद्धा. इतकं चांगलं या घरात कधी चाललं नव्हतं.

मी इथे लिहून ठेवते. माझं नाव सं — लिहिता येतंय. सं —

हात वळत नाही. दुसरंच वळण घेतोय. खोडलं. पुन्हा खोडलं.

हाक आली. त्याची. बसून राहिले.

पुन्हा. फूलवतीची. दात आवळले. ही हाक मला नाही, त्या दुसरीला आहे, मी ओ देणार नाही, कुणी कितीही —

आता आई. दाराशीच उभी आहे. लहानपणी तापात उठवायची तोच आवाज, तस्साच मऊ. रत्ना, ऊठ गं बाळा, पानं घेतलीत, सगळे खोळंबलेत.

नाही.

रत्ना, बाळा.

आईची हाक आहे. आईला कशी ओ नाही द्य —

आले गं आ